कोंकणांतील बेने इस्राएल : ग्रंथावांचून राखलेला धर्म व त्याचें पुढील शिक्षण

अलिबागेच्या उत्तरेस समुद्रकांठीं नवगांव म्हणून गांव आहे. तेथें बेने इस्राएल लोकांचें जुनें दफनस्थान असून, आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्यास लागले ते याच ठिकाणीं, अशी त्या समाजाची परंपरा आहे. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, बुडालेल्यांचीं प्रेतें दोन उंचवट्यांखालीं पुरलीं, आणि जवळचे धर्मग्रंथ समुद्रानें नेले, असें परंपरा सांगते. हें केव्हां घडलें याविषयीं इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकापासून तों इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत नाना तर्क झालेले आहेत. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. आजवर या समाजावर लिहिणाऱ्यांनीं बहुतेक शाई याच एका प्रश्नावर खर्च केली आहे, आणि नवा कागद उजेडांत येईपर्यंत त्यांत अधिक भर पडण्याचा संभव नाहीं.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. ज्या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हता, तो वाचून दाखविणारा पंडित नव्हता, ज्याची मूळ भाषा पार विसरली गेली होती, आणि ज्याची वस्ती कुलाब्याच्या व जंजिऱ्याच्या मुलखांत गांवोगांव थोडथोड्या घरांनीं विखुरलेली होती, त्या समाजांतील मुलांस आपण कोण हें पिढ्यामागून पिढ्या कसें कळत राहिलें? आणि एकोणिसाव्या शतकांत ग्रंथ, गुरु व शाळा हीं तिन्ही हातीं आल्यावर त्या जुन्या शिक्षणाचें काय झालें?

प्रथम कागदांची साक्ष पाहूं. मद्रासेकडील सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्यानें १७३८ सालीं लिहिलेल्या वृत्तांत सुरत व राजापूर येथील 'बेने इस्राएल' लोकांचा उल्लेख आहे. त्यांजपाशीं बायबल नाहीं, त्यांस हिब्रू येत नाहीं, 'शमा इस्राएल' एवढी प्रार्थना मात्र ठाऊक आहे, असें तो सांगतो. पुढें १७६८ सालीं कोचीनचे प्रसिद्ध ज्यू व्यापारी एझकिएल राहबी यांनीं हॉलंडांतील तोबियास बोआस यांस पाठविलेल्या पत्रांत मराठ्यांच्या मुलखांतील या लोकांचें वर्णन येतें. ते तेलाचे घाणे चालवितात, कांहीं शिपाईगिरी करतात, आणि 'शमा' व शनिवारची विश्रांति यांपलीकडे त्यांस धर्माचें कांहीं ठाऊक नाहीं, असा त्याचा मथितार्थ. दोन्ही साक्षी तीस वर्षांच्या अंतरानें एकच गोष्ट सांगतात, म्हणून इतिहासकारांनीं त्या जशाच्या तशा उचलल्या आहेत. परंतु साक्षीदार काय विचारावयास आला होता हें पाहिल्यावांचून त्याची साक्ष पुरती वाचतां येत नाहीं. मिशनरी पुस्तकाचा शोध घेत होता. राहबी हे विद्वान् गृहस्थ प्रार्थना व पठण यांचा हिशेब मांडीत होते. घरांतल्या चुलीपाशीं, माजघरांत काय चालतें, हें दोघांपैकीं कोणाच्याहि प्रश्नांत नव्हतें.

आमच्याकडे धर्माचीं प्रमाणें श्रुति, स्मृति व सदाचार अशीं क्रमानें सांगतात, आणि सदाचारास शेवटलें स्थान देतात. त्या परिभाषेंत बोलावयाचें तर या समाजाची श्रुति एका मंत्रापुरती उरली होती, स्मृति नष्ट झाली होती, आणि सदाचार मात्र शाबूत होता. मुलगा आठ दिवसांचा झाला कीं त्याची सुंता होई. ज्या माशास खवलें व पर नाहींत तो घरांत येत नसे. कोंकणांत राहून कोळंबी, तिसऱ्या व खेकडे वर्ज्य करणें ही गोष्ट सहज घडणारी नव्हे, हें त्या किनाऱ्यावर राहिलेल्या वाचकांस सांगावयास नको. शनिवारीं घाणा बंद राही व त्यावरून शेजाऱ्यांनीं त्यांस 'शनवार तेली' हें नांव दिलें. सोमवारीं घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, तसे हे शनवार तेली. गांवच्या दृष्टीनें ही एक पोटजात झाली व तेथेंच तो प्रश्न मिटला. परंतु परक्यांनीं दिलेलें हें नांव त्या समाजाच्या मुलांस दर आठवड्यास एक धडा देत होतें, असें आम्हांस वाटतें. आपला घाणा आज कां फिरत नाहीं, हें मूल आधीं वाटेवर ऐके व मग घरीं येऊन विचारी.

याहून मोलाचा पुरावा सणांच्या नांवांत आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ च्या सुमारास लिहिलेला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलेला बेने इस्राएलांचा इतिहास हा याविषयीं मुख्य आधार होय. त्यांत नोंदलेलीं जुनीं नांवें अशीं: वर्षारंभाचा 'नवियाचा सण', त्यानंतरचा 'खिरीचा सण', प्रायश्चित्ताच्या उपोषणाचा 'दरफाळणीचा सण', कारण त्या दिवशीं दारें लावून घरांत बसावयाचें व परक्याचा स्पर्श टाळावयाचा, त्याच्या दुसऱ्या दिवशींचा 'शिळा सण', एस्तेर राणीच्या दिवसाचा 'होळीचा सण', वल्हांडणाचा 'अनाशी ढाकण्याचा सण', आणि यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन तो 'बिरड्याचा', कारण त्या दिवशीं वालाचें बिरडें खावयाचें. यांत एकहि नांव हिब्रू नाहीं. एकहि नांव त्या दिवसाचें ऐतिहासिक कारण सांगत नाहीं. प्रत्येक नांव घरांत घडणारी एक कृति सांगतें: खीर करणें, दार लावणें, मडकें झांकणें, बिरडें शिजविणें. नांवें कोणीं ठेविलीं असतील हें त्यांवरूनच उघड होतें. ज्यांच्या हातून तीं कामें होत त्यांनींच तीं ठेविलीं. म्हणजे या समाजाचें पंचांग कित्येक शतकें स्त्रियांच्या स्वाधीन होतें.

वरील यादींत दिव्यांचा जो हनुक्का सण तो मुळींच नाहीं. तो सण ज्या प्रसंगावरून निघाला त्यापूर्वींच, म्हणजे इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, आपले पूर्वज इकडे आले असावे, असें अनुमान केहीमकरांनीं यावरून काढलें आहे. अभावावरून काल ठरविणें धोक्याचें असतें. स्वयंपाकघराशीं ज्याची गांठ पडली नाहीं असा सण विसरला गेला, असाहि अर्थ त्यांतून निघूं शकेल.

या नांवांजवळच दुसरा एक थर आहे. 'नवियाचा रोजा', 'सबाबी रोजा', 'रमजान', 'एलियाहू हन्नबीचा उरूस' हीं नांवें फारसी-अरबी वळणाचीं आहेत व बहुतेक उपासांचीं आहेत. 'सण' म्हणविणारा थर जुना, 'रोजा' व 'उरूस' म्हणविणारा थर मुसलमानी अमलांतील वा त्यानंतरचा, असें मानण्यास भाषेच्या दृष्टीनें हरकत दिसत नाहीं. यावरून आणखी एक वाद कांहींसा सुटतो. दावीद राहबी नांवाच्या कोणी परदेशी वा कोचीनी ज्यूनें या समाजाचा शोध लावून त्यास धर्म शिकविला अशी परंपरा आहे. त्याचा काल कोणी इसवी सन १००० च्या आसपास धरतात, कोणी अठराव्या शतकांत कोचीनच्या राहबी घराण्यांत त्यास बसवितात. सणांचा सर्वच समूह राहबीनें शिकविला असता तर विद्वान् शिक्षक हिब्रू नांवें देऊन गेला असता, आणि तीं थोडीफार बिघडलेल्या रूपानें तरी उरलीं असतीं. मडकें झांकण्यावरून वल्हांडणास नांव पाडणें हें पंडिताचें काम नव्हे.

राहबीच्या कथेंतच आमच्या मताचा धागा आहे. हे लोक खरेच इस्राएल आहेत कीं काय याची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें निरनिराळ्या जातींचे मासे आणून त्यांच्या स्त्रियांपुढें ठेविले. त्यांनीं खवलें व पर असलेले तेवढे निवडले, बाकीचे आपण खात नाहीं म्हणून बाजूस सारले, आणि त्याची खात्री पटली. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, समाजाची परीक्षा झाली ती पुरुषांच्या पठणाची नव्हे, हें ती सांगणाऱ्यांस ठाऊक होतें. पुढें राहबीनें तिघां तरुणांस निवडून शिकविलें व झिराटकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांत 'काजी' पद वंशपरंपरा चालूं लागलें. हे काजी गांवोगांव फिरून लग्नें लावीत, सुंता करवीत, तंटे तोडीत. त्यांनीं संस्कार टिकविले यांत शंका नाहीं. मात्र मुलांस अक्षर व ग्रंथ शिकविण्याची व्यवस्था त्यांच्याकडून उभी राहिली नाहीं.

ग्रंथाचा काल मुंबईंत सुरू झाला. कंपनीच्या पलटणींत या समाजाचे पुष्कळ लोक नोकरीस असत. त्यांपैकीं सॅम्युएल एझकिएल दिवेकर, मराठी नांवानें समाजी हसाजी, हे म्हैसूरच्या लढाईंत टिपूच्या कैदेंत सांपडले होते. जिवंत सुटलों तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनीं नवस केला, असें सांगतात. मुंबईंत मांडवी भागांत १७९६ सालीं त्यांनीं बांधिलेलें मंदिर समाजांत 'जुनी मशीद' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें, आणि मशीद बंदर स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें अशी समजूत आहे. मंदिरासाठीं धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणावयास गेले असतां दिवेकर १७९७ सालीं कोचीन येथें वारले. त्यानंतर १८२६ पासून कोचीनचे शिक्षक मुंबईस व कोंकणांत येऊं लागले. अलिबागेस १८४८ व पनवेलीस १८४९ सालीं मंदिरें झालीं. प्रार्थना आतां घराबाहेर, हिब्रूंत व पुरुषांच्या तोंडून होऊं लागली.

याच वेळीं ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. अमेरिकन मिशननें या समाजाचे शिक्षक नेमिले व मुलें जमविलीं. १८२९ सालीं मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहून छापविलें. ज्यांस या मुलांचा धर्म बदलावयाचा होता त्यांनींच त्यांच्या हातीं त्यांची मूळ भाषा दिली, हा इतिहासांतील एक चमत्कारिक योग होय. धर्मांतरें फारच थोडीं झालीं, विद्या मात्र पदरांत पडली. याचें श्रेय समाजाच्या अभ्यासूपणास देण्याची चाल आहे. आम्हांस दुसरें कारण अधिक पटतें. या मुलांस मिशनऱ्यानें अब्राहामाची वा मोशेची कथा सांगितली तेव्हां ती त्यांस परकी वाटली नाहीं. घरीं जें होत आलें होतें त्याचा अर्थ त्यांस तींत सांपडला, आणि अर्थ सांपडल्यावर धर्म सोडण्याचें कारण उरलें नाहीं.

'अनाशी ढाकण्याचा सण' हेंच उदाहरण घ्या. घरांत आंबट पदार्थाचें मडकें असे, तें वर्षांतून ठराविक दिवसांत झांकून ठेवावयाचें, एवढें आजीपासून नातीपर्यंत सर्वांस ठाऊक होतें. कां झांकावयाचें हें कोणासहि सांगतां येत नव्हतें. मिसर देशांतून निघतांना कणीक आंबण्यास अवकाश मिळाला नाहीं, म्हणून त्या दिवसांत आंबविलेलें खावयाचें नाहीं, ही कथा 'हग्गादा' नामक पोथींत आहे. ती पोथी सणाच्या रात्रीं कुटुंबांत वाचतात व तिचा आरंभच असा कीं घरांतल्या लहानग्यानें प्रश्न विचारावे व वडिलांनीं उत्तर द्यावें. या पोथीची मराठी अर्थासह पहिली आवृत्ति मुंबईस १८४६ सालीं निघाली. एका कोचीनी व एका बेने इस्राएल गृहस्थानें मिळून ती काढली. दुसरी प्रसिद्ध आवृत्ति पुण्यास १८७४ सालीं निघाली. तींतील चित्रांत मिसरच्या वल्हांडणाच्या भाकरी भाजणाऱ्या बायका लुगडीं नेसलेल्या आहेत. चित्रकाराच्या अज्ञानावर कोणी हंसेल. आम्हांस तें चित्र फार बोलकें वाटतें. मडकें झांकणारी आजी व मिसरांतून निघालेली इस्राएलीण या एकच होत, हें मुलास पटविण्यास याहून सुटसुटीत साधन नव्हतें.

आम्ही आयुष्यभर शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि रूपें घडाघडा म्हणणाऱ्या मुलास त्याच शब्दाचा अर्थ विचारला असतां तो कसा गांगरतो हें पुष्कळ पाहिलें. कोंकणांतल्या या घरांत उलट प्रकार होता. अर्थास आधार देणारी कृति होती, शब्द नव्हता. म्हणून तेथें शब्द आला तेव्हां तो रुजला. आणि तो मराठींतून आला म्हणूनच रुजला. जोसेफ एझकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांची योग्यता येथें दिसून येते. डेव्हिड ससून यांच्या मुंबईच्या शाळेंत सुमारें चाळीस वर्षें मुख्याध्यापक राहून व विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होऊन त्यांनीं प्रार्थनापुस्तकें एकामागून एक मराठींत उतरविलीं. त्याच काळांत, १८८० च्या सुमारास, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदिकरून मंडळींनीं कीर्तनाचा उपक्रम केला. हरिदासाच्या कीर्तनाचा सांचा, साक्या, दिंड्या व पदें, आणि आख्यान अब्राहामाचें, योसेफाचें वा मोशेचें! प्रार्थनामंदिरांतील हिब्रू ज्यांच्या कानांवरून जात असे अशा स्त्रियांस व मुलांस धर्मकथा पोंचली ती या मार्गानें. ज्यांनीं पंचांग राखलें त्यांसच नव्या विद्येंत मागें बसावें लागलें होतें. कीर्तनानें तें अंतर कांहीं अंशीं भरून काढलें.

समाजाची स्वतःची शाळा मात्र उशिरां निघाली, आणि ती निघण्यास केवळ विद्याप्रेम कारण झालें नाहीं. मुंबईंत बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंस या काळ्यासांवळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंविषयीं शंका असे. दोघांच्या सामाईक दफनभूमींत भिंत घालावी असा अर्ज त्यांपैकीं कांहींनीं १८३६ सालींच सरकारकडे केला होता. खुद्द बेने इस्राएलांतहि 'गोरे' व 'काळे' असा भेद पाळला जात असे व त्यांत बेटीव्यवहार होत नसे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. ज्यास दुसऱ्यानें भिंतीपलीकडे बसविलें त्यानें घरांत भिंत घातली नाहीं असें नव्हे. अशा स्थितींत मुलास हिब्रू येणें हें समाजाच्या प्रतिष्ठेचें प्रमाणपत्र झालें. १८५३ सालीं परोपकारी सभा काढणारे केहीमकर यांनीं १८७५ सालीं 'इस्रायलाइट स्कूल' स्थापन केलें. तेथें इंग्रजी, मराठी व हिब्रू यांची सांगड होती व पुढें इंग्लंडांतील ज्यू संस्थेची मदत त्यास मिळाली. हीच शाळा नंतर सर एली कदूरी यांच्या नांवानें माझगांवांत चालूं लागली. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेंत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन या १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. ज्या समाजाचा धर्म स्त्रियांनीं नांवानिशीं राखला त्याच्या प्रमुख शाळेचें आधिपत्य अठ्ठावीस वर्षें एका स्त्रीकडे असावें, हा योगायोग आम्ही केवळ नमूद करून ठेवितों.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झालें आणि स्थलांतरास आरंभ झाला. १९५१ च्या खानेसुमारींत भारतांत २५,००० वर ज्यू होते. आतां ती संख्या पांच हजारांच्या आंत आहे व इस्राएलांतील बेने इस्राएल इकडच्यांच्या अनेक पटींनीं झाले आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ज्यूंस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हां कोंकणांतील पुष्कळशा मंदिरांत प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमणेंहि कठीण झालेलें होतें. कदूरी शाळेंतहि पुढें इतर समाजांचींच मुलें बहुसंख्य झालीं.

तिकडे गेलेल्यांस एक अनपेक्षित परीक्षा द्यावी लागली. इस्राएलांतील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं १९६२ च्या सुमारास असा दंडक घातला कीं बेने इस्राएल वधूवरांच्या लग्नापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. विस्मृतीच्या शतकांत यांचे विवाह व घटस्फोट शास्त्रोक्त झाले असतील कशावरून, ही शंका. लोकांनीं निदर्शनें केलीं, धरणें धरलें, आणि १९६४ सालीं तेथील सरकारनें हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत असें जाहीर केल्यावर दंडक मागें घेण्यांत आला. राहबीनें मासे पुढें ठेवून जी परीक्षा एका बैठकींत संपविली, तिला यरुशलेमांतील पंडितांस वर्षें लागलीं. त्यांस कागद हवे होते, आणि चुलीचे कागद नसतात.

आजच्या पिढीची स्थिति आजोबांच्या पणजोबांच्या अगदीं उलट झाली आहे. लोद, रामला, बीरशेबा वा दिमोना येथें जन्मलेल्या मुलास हिब्रू शाळेंत सहज मिळते, ग्रंथ हातीं आहेत, सणांचीं खरीं नांवें व कारणें ठाऊक आहेत. गेली आहे ती मराठी. एलियाहू हन्नबीच्या नांवानें गोड पोह्यांचा मलिदा तेथें अजून होतो, नवसहि बोलले जातात, परंतु 'दरफाळणी' म्हणजे काय हें नातवास आजीनें हिब्रूंत समजावून द्यावें लागतें. तेथील जुन्या मंडळींनीं 'मायबोली' नांवाचें मराठी त्रैमासिक काढून भाषेचा धागा धरून ठेविला आहे. त्याचे वाचक बव्हंशीं वृद्ध असावेत हें ओघानेंच येतें. यांत शोक करण्यासारखें किती आहे याविषयीं मतभेद होईल. ज्यांचा धर्म टिकला त्यांनीं भाषाहि टिकवावी, असा आग्रह धरण्याचा आम्हां मराठ्यांस अधिकार नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र हानि मोठी आहे, कारण या समाजाच्या दीड हजार वर्षांच्या वा त्याहून अधिक काळाच्या धर्मशिक्षणाचा एकमेव ग्रंथ म्हणजे तीं मराठी नांवें व त्यांजबरोबर चालणाऱ्या कृति होत.

म्हणून मंडळाच्या सभासदांस व कोंकणांतील वाचकांस आमची विनंति अशी आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहें, तळें या बाजूस बेने इस्राएलांचीं मोजकीं कुटुंबें अद्याप आहेत. त्यांजकडील, वा त्यांनीं जातांना शेजाऱ्यांपाशीं ठेविलेल्या पेट्यांतील, मराठी हग्गादा, प्रार्थनापुस्तकें, कीर्तनाच्या वह्या, लग्नाच्या व मृत्यूच्या नोंदी, घाण्याच्या व जमिनीच्या मोडी कागदांच्या नकला जेथें मिळतील तेथून घ्याव्या. 'शनवार तेली' असा उल्लेख असलेला कोणताहि जुना कागद, मग तो तेलाच्या उधारीचा कां असेना, टाकूं नये. आणि कागदांआधीं वयोवृद्ध स्त्रियांपाशीं जावें. सणाच्या दिवशीं कोणतें भांडें केव्हां झांकावयाचें, खिरीत काय पडे, बिरडें कशावर वाढीत, मलिद्यास कोणतीं फळें लागत, त्या वेळीं कोणतीं गाणीं म्हणत, हें त्यांच्याच शब्दांत, उच्चारासह, गांवाच्या व कुळाच्या नांवानिशीं लिहून घ्यावें. शब्द शुद्ध करून लिहूं नयेत. 'अनाशी'चे चार गांवीं चार उच्चार मिळाले तर चारहि पाठवावे.